तिसऱ्या रांगेतले राजदूत

आमच्या किलदर्ग गावात उमेदवाराने भाषण करून भागत नाही. त्याला मयताला यावं लागतं. फिंटन हेराटीने तीन वर्षांत एकही मयत चुकवलं नाही. उभा राहायचा नेहमी तिसऱ्या रांगेत. पहिली घरच्यांची, दुसरी वाटण्यांवर डोळा असलेल्यांची. तिसरीतला माणूस सगळ्यांना दिसतो. १९१८ साली तो दणदणीत निवडून आला.

पुढे आयर्लंडचं प्रजासत्ताक जाहीर झालं आणि देशाला मान्यता मिळवण्यासाठी फिंटनला युरोपातल्या एका राजधानीत धाडण्यात आलं.

"आपला देश आमच्या यादीत नाही," तिथला कारकून अदबीने म्हणाला. "देश नाही म्हणजे राजदूत नाही, आणि राजदूत नाही त्याला खुर्ची देता येत नाही."

"मग उभा राहतो."

"त्याचा वेगळा अर्ज आहे. तो राजदूतांनीच करायचा असतो."

चौदा महिने फिंटन फाटकाबाहेर होता. मग परराष्ट्रमंत्र्यांची आत्या वारली. मयताला ओळखपत्र कोण विचारतो? दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रातल्या उपस्थितांत 'आयर्लंडचे राजदूत' छापून आले. कारकुनाने कात्रण फायलीला लावलं आणि खुर्ची दिली.

त्यानंतर फिंटनने दोन सेनापती, एक बिशप आणि तिसऱ्या सेनापतीचा घोडा पोचवला. मान्यतेचा कागद तयार झाला आणि सहीच्या आदल्या दिवशी मंत्रीच गेले. दफन गुरुवारी. जुन्या साहेबांना पोचवायला कोण येतं, हे बघूनच नवे साहेब सही करणार होते.

त्याच सकाळी तार आली : 'तुझी आई गेली. गुरुवारी पुरतोय. मॅलकी.'

फिंटन त्या सरकारी खुर्चीत बसून ढसाढसा रडला. गुरुवारी काळा कोट घालून तिसऱ्या रांगेत उभा राहिला. शुक्रवारी सही झाली.

पुढच्या निवडणुकीसाठी तो गावी आला, तेव्हा आम्ही सगळे मॅलकीच्या गुत्त्यात होतो. गावाला दारू पाजणारा आणि गावाच्या शवपेट्या बनवणारा मॅलकी एकच.

"देश आणलास, बरं केलंस," मॅलकी म्हणाला. "पण सख्ख्या आईच्या मयताला येऊ नये? लाज कशी वाटली नाही रे?"

"चुकलंच माझं," फिंटन म्हणाला. "पण तुम्ही होतात ना सगळे? खांदा कुणी दिला?"

आम्ही आपापल्या पेल्यात बघू लागलो.

"फादर होते," मॅलकी म्हणाला. "खड्डा खणणारे दोघं होते. आणि मी. पेटी माझीच होती."

"आणि गाव?"

"अरे, तूच नाहीस म्हटल्यावर तोंड दाखवायचं कुणाला?"

निवडणुकीत फिंटन पडला. सख्ख्या आईच्या मयताला न आलेल्या माणसाला तुम्ही तरी मत दिलं असतंत का?