सहीपुढची तारीख

"चोवीस वर्षं झाली नोकरीला. सूचना वहीत काय लिहिलंय ते एकदाही वाचलं नाही, आणि माझं एकदाही काही अडलं नाही!"

हे किसन भोईर सरांचं आवडतं वाक्य. अंबरनाथला, कारखान्याच्या भोंग्यावर घड्याळ लावणाऱ्या त्या शाळेत भोईर सर इतिहास-भूगोल शिकवायचे. शिकवायचे म्हणजे टाचण वही उघडून वाचायचे. टाचण चौसष्ट सालचं. दरवर्षी जूनमध्ये त्याला नवं खाकी कव्हर चढायचं आणि आत फक्त तारखा खोडून नव्या पडायच्या. एकेका पानावर इतक्या तारखा, की धडा शोधायला भिंग लागावं! सरांच्या तासाला वर्ग चिडीचूप असायचा. पालकांना वाटायचं, काय दरारा आहे! खरी गोष्ट अशी, की दुसऱ्या पानाला अर्धा वर्ग झोपायचा आणि चौथ्या पानाला उरलेला. एकदा म्हणे खिडकीत बसलेला कावळाही पेंगून खाली पडला. मी पाहिला नाही, पण रघु शिपायाने पाहिला, आणि रघु कावळ्यांच्या बाबतीत खोटं बोलत नाही.

तर सूचना वही. मुख्याध्यापकांनी वहीत सूचना लिहायची, रघुने ती काखोटीला मारून वर्गोवर्गी फिरायचं आणि शिक्षकांनी वाचून सही ठोकायची. यातला 'वाचून' हा भाग शाळा सुरू झाल्यावर चार महिन्यांतच बंद पडला होता. रघु दारात दिसला की बोलता बोलता हात पुढे, सही, पुन्हा फळ्याकडे. चौदा शिक्षक, चौदा सह्या, सव्वासात मिनिटं!

भोईर सरांच्या सहीचं मात्र एक वेगळेपण होतं. सत्याहत्तरच्या निवडणुकीच्या ड्युटीवर कुणा साहेबाने त्यांना दम भरला होता, "सहीपुढे तारीख-वेळ नसेल तर ती सही नव्हे, रेघोटी!" तेव्हापासून सर दुधाच्या कार्डावरसुद्धा तारीख-वेळ टाकून सही करत.

अठ्ठ्याऐंशीच्या जूनमध्ये शाळेला नव्या मोठ्या बाई आल्या. राही साळवे. उल्हासनगर कॅम्प चारमध्ये वाढलेल्या, वडील कारखान्यात फिटर, बाई गणिताच्या. आधीच्या हेडसरांचं सगळं प्रशासन एका लाल पेनात होतं. कोण किती मिनिटं उशिरा आला, एवढंच त्यांना शाळेबद्दल ठाऊक! बाईंनी पहिल्या दिवशी ते पेन रघुला दिलं, "हे तुमच्या नातवाला चित्रं काढायला न्या." मग शिक्षकांच्या खोलीत येऊन सगळ्यांबरोबर चहा घेतला आणि एकेकाला विचारलं, "तुम्हाला शिकवायला सगळ्यात जास्त काय आवडतं?"

भोईर सर म्हणाले, "मे महिना."

सगळे हसले. बाईही हसल्या, पण उत्तराची वाट बघत तशाच थांबल्या. सरांनी बशीत पाहिलं. बशीत उत्तर नव्हतं.

आणि मग जुलैतल्या एका शनिवारी रघु दारात येऊन दात काढत उभा राहिला.

"सर, सोमवारी तिसऱ्या तासाला मोठ्या बाई तुमच्या आठवी ब मध्ये बसनार हायेत."

"का? मी काय केलं?"

"तुमीच बोलावलंत की!"

रघुने वही उघडून नाकासमोर धरली. चोवीस वर्षांत पहिल्यांदाच सरांनी सूचना वाचली. 'मला आपल्या वर्गांत विद्यार्थिनी म्हणून बसून शिकायचे आहे. ज्यांची हरकत नसेल त्यांनी सही करावी. ज्यांना पहिला मान हवा असेल, त्यांनी सहीपुढे तारीख टाकावी.'

खाली चौदा सह्या. तारीख एकाच सहीपुढे. वेळसुद्धा! अकरा वाजून सोळा मिनिटं.

"आता मागचं पान बघा," रघु म्हणाला. सरांनी उलटलं. 'उद्यापासून सर्व शिक्षकांनी शाळेत बैलगाडीतून यावे.' खाली चौदा सह्या!

"बाईंला पैल्याच आठवड्यात समजलं, कोनी वाचत नाय," रघुने खुलासा केला. "लय हसल्या. मला म्हनाल्या, रघुभाऊ, ओरडून काय होनार? आपन त्यांला काहीतरी वाचन्यासारखं लिहू."

सरांना पुढचं ऐकू आलं नाही. विद्यार्थिनी म्हणून बसणार म्हणजे तपासणी! टाचण वही मागणार. चौसष्ट सालचं बाड उघडं पडणार. निवृत्तीला तीन वर्षं उरली असताना वांगणीपलीकडच्या टेकडीवरच्या शाखेत बदली! आणि बदली परवडली, पण ती मुलं, तो रघु, तो कावळा... सगळ्यांना कळणार, की भोईर सरांना शिकवता येत नाही. कधीकाळी येत होतं, ही त्यातली दुखरी गोष्ट फक्त सरांनाच माहीत होती.

घरी गंगूबाईंनी सगळं ऐकून घेतलं.

"सही करताना डोळे मिटता का हो तुम्ही?"

"अगं, सवय!"

"लग्नाच्या वेळी मला पण असंच बघितलं असेल. मान खाली, सही, पुढचा!" मग नवऱ्याचा चेहरा बघून त्या नरमल्या. "अहो, नवे असताना तुम्ही नदी शिकवायला पोरांना वालधुनीवर नेलं होतं. चिखलात बरबटून घरी आलात. धोतर धुवायला मला दोन दिवस लागले. पण तुम्ही त्या दिवशी गात होतात."

सर ताडकन उठले. नदी! वर्गात नदी आणायची!

रविवारी ते थेट कॅम्प चारमध्ये एका सिंधी पत्रेवाल्याच्या वर्कशॉपात हजर झाले.

"टेबलाएवढा ट्रे हवा. चारी बाजूंनी कडा उंच."

"किसके लिए, साईं?"

"नदी के लिए."

पत्रेवाल्याने हातातला हातोडा खाली ठेवला. उल्हासनगरात सगळं बनतं, पण नदीची ऑर्डर त्याला पहिलीच होती. "और पानी जाएगा किधर? कोने में छेद रख दूँ?"

"छेद बिद कुछ नहीं! एक थेंब बाहेर नहीं आना मंगता!"

"आपकी मर्जी, मास्टरजी," पत्रेवाला म्हणाला, आणि सर निघताना त्याने त्यांच्याकडे जी नजर टाकली, ती सरांना दुसऱ्या दिवशी समजली.

सोमवारी दुसऱ्या तासानंतरच्या छोट्या सुट्टीत सर आणि रघुने माडीवरच्या आठवी ब मध्ये चार घमेली लाल माती चढवली. ट्रेमध्ये डोंगर उठला, डोंगरातून नदी निघाली, आणि नदीच्या गळ्याशी सरांनी स्वतःच्या हाताने मातीचं धरण घातलं. मागे काठोकाठ पाणी. शेजारी आणखी तीन बादल्या, राखीव. आता माडीची जमीन सागवानी फळ्यांची, आणि तिच्या बरोब्बर खाली मोठ्या बाईंचं ऑफिस, हे सरांना ठाऊक होतं. पण नदीचा विचार करणारा माणूस फळ्यांचा विचार कुठे करतो?

तिसरा तास. बाई आल्या, "नमस्कार सर" म्हणाल्या आणि शेवटच्या बाकावर चंद्रीशेजारी जाऊन बसल्या. चंद्री बारवी धरणाकडच्या पाड्यावरची. शाळेसाठी अंबरनाथला मावशीकडे राहायची. दोन वर्षांत हजेरीच्या 'हजर'पलीकडे तिच्या तोंडून शब्द निघाला नव्हता. बाईंनी तिच्याकडे अर्धी पेन्सिल मागून घेतली.

"मुलांनो," सरांचा आवाज मांजरासारखा निघाला, "ही... नदी."

वर्ग जागा झाला! मागचे उठून पुढे आले, पुढचे बाकावर चढले.

"आणि हे धरण. धरणामुळे पाणी अडतं. हे धरण अत्यंत मजबूत—"

इथे धरणाने स्वतःबद्दलचं मत नोंदवलं. आधी एक ओघळ. सरांनी बोट लावलं. दुसरा ओघळ. दुसरं बोट. दहा ओघळांना दहा बोटं लागली आणि अकराव्याला सरांकडे काही शिल्लक नव्हतं! भस्सकन धरण फुटलं. लाल पाण्याचा लोंढा ट्रेच्या कडेवर आदळला, बाहेर जायला वाट नाही म्हणून उसळून परत फिरला, आणि ट्रे टेबलासकट कलंडला. जाता जाता त्याने तिन्ही राखीव बादल्या बरोबर नेल्या. पहिल्या बाकाखालच्या दप्तरांनी तरंगायला सुरुवात केली. आठवी ब किंचाळली, तिच्या आनंदाला पारावार उरला नाही!

तेवढ्यात फळ्यांखालून, म्हणजे ऑफिसातून, रघुची आरोळी आली, "अवो सर! वरून बारवी सुटली काय? मस्टर भिजला! सूचना वही भिजली!"

सर मध्यभागी उभे. धोतर गुडघ्यापर्यंत लाल. टेबलावर ठेवलेली टाचण वही पाण्यात पालथी पडली होती आणि चोवीस वर्षांच्या तारखांची निळी शाई आठवी ब च्या जमिनीवरून निवांत वाहत होती. संपलं, सरांना वाटलं. वांगणीपलीकडची टेकडी त्यांना डोळ्यांसमोर दिसली, रस्त्यासकट.

"असा नाय बांधीत, सर."

कोण बोललं? वर्गाने वळून पाहिलं. चंद्री उभी होती. स्वतःच्याच आवाजाने घाबरलेली. बाईंनी तिच्या पाठीवर हात ठेवला होता.

"मग कसं बांधतात?" सरांनी विचारलं. रागाने नाही हो, खरंच माहीत करून घ्यायचं म्हणून. असा प्रश्न वर्गात त्यांनी कैक वर्षांत विचारला नव्हता.

"पेंढा लागतो मातीत. आन् पान्याला वाट ठेवाला लागते. वाट नाय दिली त पानी आपली वाट करतं."

पत्रेवाल्याची ती नजर सरांना आत्ता समजली. आणि त्याच्या पाठोपाठ आणखी काहीतरी, लहानपणीच्या बदलापूरच्या भातखाचरातून, गुडघाभर चिखलातून चालत वर आलं. सरांच्या तोंडून चोवीस वर्षांत शाळेच्या फाटकाच्या आत न आलेली बोली निघाली.

"माजा बापूस पन असाच बांध घालाचा, पोरी. मीच इसरलो. ये, दाव."

 भोईर सर, जे 'पाणी'ऐवजी 'जल' म्हणायचे, ते असं बोलतात?

चंद्री आली. कुणीतरी खाली धावत जाऊन रघुकडून आंब्याच्या पेटीतला पेंढा आणला. सरांनी ट्रेच्या कोपऱ्यात खिळा ठोकून भोक पाडलं. बाईंनी पदर खोचला, बाही वर केली आणि माती मळायला बसल्या. "चंद्री, एवढी घट्ट पुरे?" "नाय बाई, आजून." तास संपल्याची घंटा झाली, ती कुणी ऐकली नाही. पुढच्या तासाच्या वेणूबाई चिडून दारात आल्या आणि पाच मिनिटांनी त्यांच्याही हाताला माती लागली होती. नवं धरण भरलं. पाणी चढलं, चढलं, आणि चंद्रीने ठेवलेल्या वाटेने शहाण्यासारखं कोपऱ्यातल्या भोकातून रघुच्या बादलीत पडलं. सरांनी गायला सुरुवात केली, असं रघु सांगतो. इथे मात्र रघुवर किती विश्वास ठेवायचा तो तुम्ही ठरवा.

वर्ग सुटल्यावर सर ओल्या टाचणाचा लगदा घेऊन बाईंसमोर उभे राहिले.

"बाई, हे माझं टाचण. चौसष्टचं आहे. रिपोर्टात काय लिहायचं ते लिहा."

"कसला रिपोर्ट, सर? मी शिकायला आले होते. वहीत लिहिलं होतं तसं." बाई नखातली माती काढत होत्या. "माझ्या जूनमधल्या प्रश्नाचं उत्तर मात्र राहिलंय."

सरांनी हातातला लगदा खाली ठेवला. "नदी," ते म्हणाले. "मला नदी शिकवायला आवडतं."

"मग नदीच शिकवा. सूचना वही तर गेली वाहून. रघुभाऊ नवी आणतील. तिच्यातली पहिली सूचना तुम्ही लिहायची."

सर रात्रभर लिहीत होते. चार मसुदे फाडले. पाचव्यात लिहिलं, की मी चोवीस वर्षं शिकवलं पण बरीच वर्षं शिकलो नाही, आता मलाही तुमच्या वर्गांत शेवटच्या बाकावर बसू द्या. हरकत नसेल त्यांनी सही करावी, पहिला मान हवा असेल त्यांनी सहीपुढे तारीख टाकावी. आयुष्यात इतकं खरं त्यांनी कधी लिहिलं नव्हतं. गंगूबाईंनी वाचून पदराने डोळे पुसले.

रघु वही घेऊन निघाला. सर दारात उभे राहून वाट बघत राहिले. वही परत आली. तेरा सह्या.

सव्वासात मिनिटं! एकानेही वाचलं नव्हतं!

सरांनी सुस्कारा सोडला आणि वही मिटणार, तोच सर्वांत खाली, कोपऱ्यात, चौदावी सही दिसली. राही साळवे. पुढे तारीख. आणि वेळसुद्धा. अकरा वाजून सोळा मिनिटं.

दुसऱ्या दिवशी तिसऱ्या तासाला भोईर सर आठवी ब मध्ये चंद्रीशेजारी गणिताला बसले. दहाव्या मिनिटाला बाईंनी नेमका त्यांनाच प्रश्न विचारला. सर उभे राहिले आणि फळ्याकडे बघत राहिले. चंद्रीने तोंडावर हात धरून हळूच उत्तर सांगितलं. सरांनी ते वर्गाला खणखणीत आवाजात ऐकवलं.

चुकलं!