खानझोडेभाऊंची नळी

आमच्या डोक्यावर राहणारे खानझोडेभाऊ रोज संध्याकाळी प्लंबिंगचा पांढरा पाइप खांद्यावर टाकून गच्चीवर जात आणि त्याच्या एका टोकाला डोळा लावून आभाळाकडे बघत बसत. पाइपात भिंग नव्हतं, आरसा नव्हता, काहीच नव्हतं. एका बाजूने खानझोडेभाऊ, दुसऱ्या बाजूने रायपूर.

आम्ही चौबे कॉलनीत नवीनच राहायला आलो होतो. राज्य नवीन, राजधानी नवीन, ह्यांची नोकरी नवीन. हा माणूस पाण्याच्या टाकीचं काही तरी बघत असावा, अशी माझी समजूत. घरमालकीण मिश्रा आंटींना विचारलं, तर त्या भाजी निवडता निवडता म्हणाल्या, "वो? वो दूरबीन ख़रीद रहे हैं."

"कब से?"

"जब से आए हैं."

पुढे खुलासा झाला तो असा. भाऊंना तारे बघायला आणि त्यांचे फोटो काढायला छोटी दुर्बीण घ्यायची होती. दुर्बीण म्हणजे लांब नळी. नळी किती लांब असावी, ती जिन्याच्या वळणावर अडकते का, खांद्याला झेपते का, गच्चीच्या कठड्यावरून कुठवर खाली झुकते, हे दुर्बीण घेण्याआधी कळायला नको का? म्हणून गुढियारीच्या हार्डवेअरच्या दुकानातून वेगवेगळ्या लांबीचे पाइप कापून आणायचे आणि एकेक पाइप महिनाभर वापरून बघायचा.

"वहिनी, चप्पल घेतानी आपण घालून पाहतो का नाही?" ते मला म्हणाले. "मंग नळीनं काय पाप केलं?"

भाऊ पाटबंधारे खात्यात नकाशे काढत. पन्नाशीच्या आसपासचे, उंच, बारीक, थोडे पुढे वाकलेले. मूळचे यवतमाळकडचे, पण नोकरी सगळी भोपाळात झालेली. राज्याची वाटणी झाली तेव्हा टेबलं, पंखे, फायली आणि माणसं अशी सगळ्यांचीच वाटणी झाली, त्यात भाऊ छत्तीसगडच्या वाट्याला आले. "पंखे पहिले आले," ते सांगत. "मी त्याइच्या माघून आलो. पंखे अजून बसले नाहीत, मी बसलो."

दुर्बिणीच्या बाबतीत त्यांची पहिली अट होती: आरसा नको. मोठी दुर्बीण म्हटली की त्यात आरसा असतो, असं मला त्यांच्यामुळेच कळलं. पण रायपुरात आरसा टिकायचा नाही. उरला औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यांचा काळा धूर आमच्या कॉलनीत वाळत घातलेल्या पापडांवर बसतो, तो आरशाला काय सोडतो? "आरसा म्हणजे नवी नवरी," भाऊ म्हणत. "रोज पुसा, रोज सरळ करा, अन् तरी रुसून बसते. आपल्याले भिंगाची नळी पाहिजे. दोन्ही तोंडं बंद. धूळ आली त बाहेरून येईन अन् बाहेरच राहीन."

हे ठरायला एक उन्हाळा गेला. मग भिंग कोणतं, हा प्रश्न आला. साध्या भिंगातून चंद्र पाहिला की त्याच्या कडेला जांभळी रेघ दिसते म्हणे. स्वस्तातली नळी घ्यावी तर ती रेघ, रेघ टाळावी तर नळी लांबलचक, आणि लांब नळी जिन्यात अडकते. पाइपाने ते सिद्ध झालं होतं. एकदा तर भाऊ स्वतःच पाइपासकट जिन्यात अडकले आणि मिश्रा आंटींना त्यांच्या पायाखालून वाकून जावं लागलं. तेव्हा आखूड नळी आणि भारी काच.

"जांभळी रेघ असली तर काय बिघडतं?" ह्यांनी एकदा विचारलं.

भाऊंनी ह्यांच्याकडे दयेने पाहिलं. "चंद्र आहे का लुगडं? त्याले काठ काहून पाहिजे?"

पण त्यांचं खरं वेड नळी नव्हे, तर नळीचा स्टँड. जगातले निम्मे लोक नळी बघून दुर्बीण घेतात आणि फसतात, हे त्यांचं ठाम मत. फोटो काढायचा म्हणजे पृथ्वी फिरते त्या चालीने दुर्बीण उलटी फिरली पाहिजे. तो स्टँड वेगळा, त्याला मोटर लागते, आणि तो भक्कम नसला तर शेजारच्या गच्चीत कोणी शिंकलं तरी शनी थरथरतो. म्हणून त्यांचं पालुपद: "नळीवर जाऊ नका, बूड पाहा."

हे वाक्य त्यांना कुठेही चालायचं. आमच्या नणंदेला स्थळ आलं, मुलगा गोरा, इंजिनिअर, फोटोत झकास. भाऊंनी फोटो हातभर लांब धरून पाहिला आणि म्हणाले, "नळी चांगली आहे. बूड पाहिलं का?" सासूबाई तेव्हा आमच्याकडे आल्या होत्या. त्या दोन दिवस भाऊंशी बोलल्या नाहीत.

स्टँड तपासायचीही त्यांची रीत होती. कॅमेऱ्याच्या दुकानात जायचं, सोबत नेलेला नारळ दोरीने तिपाईला बांधायचा, टिचकी मारायची आणि नारळ किती वेळ डुलतो ते बघायचं. मालवीय रोडवरच्या एका दुकानदाराने त्यांना लांबून नारळ घेऊन येताना पाहिलं, की तो शटर अर्धं खाली ओढायचा. त्याला वाटे, हे देवीचं काही तरी आहे.

कॉलनीतल्या लोकांचा एकच प्रश्न असे: "खानझोडे जी, इससे कितनी दूर का दिखेगा?" हा प्रश्न आला की भाऊ मान वर करून म्हणत, "आपको सूरज दिखता है न? तो बिना दूरबीन के इतनी दूर का दिख रहा है. अब और कहाँ जाना है?"

शेवटी एका पावसाळ्याच्या शेवटी कोलकात्याहून लाकडी खोक्यातून दुर्बीण आली. मांडीवर मावेल एवढी पांढरी नळी, पुढे ऐंशी मिलिमीटरचं जोडभिंग. खोकं उघडायला आम्ही सगळे वर गेलो. नळी छोटी निघाली म्हणून मिश्रा आंटींचा विरस झाला. "इससे बड़ा तो आपका पाइप था," त्या म्हणाल्या. स्टँड मात्र एवढा वजनदार होता, की तो वर नेताना ह्यांची कंबर धरली आणि पुढचा आठवडा आमच्या घरात बुडाचा विषय निघाला नाही.

भाऊंनी पहिल्या फोटोचा मुहूर्त काढला तो चतुर्थीचा. पौर्णिमेचा चंद्र फोटोत पापडासारखा सपाट येतो, थोडा कापलेला चंद्र हवा, म्हणजे खड्ड्यांच्या सावल्या दिसतात, हा त्यांचा हिशेब. तो बरोबरच असणार. फक्त ती आश्विनातली संकष्टी होती, म्हणजेच करवाचौथ, हे त्यांच्या लक्षात आलं नाही.

मी मोदक करून, अर्घ्याचा तांब्या आणि पूजेचं ताट घेऊन गच्चीवर गेले, तेव्हा तिथे कॉलनीतल्या आठ-दहा बायका आधीच होत्या. जरीच्या साड्या, हातात चाळण्या, सकाळपासून पाण्याचा थेंब नाही. शेजारच्या अग्रवाल भाभी भिंतीला टेकून बसल्या होत्या. आणि मध्यभागी भाऊ, दुर्बिणीच्या मागे कॅमेरा जोडून, कोणी स्टँडला पाय लावू नये म्हणून हात पसरून उभे.

चंद्र उगवायची वेळ झाली. पूर्वेकडे धुराचा तपकिरी पडदा. चंद्र कुठेच दिसेना.

"उग गया," भाऊ म्हणाले.

"कहाँ?"

"आसमान में."

अग्रवाल भाभींना चक्कर येत होती. त्या म्हणाल्या, "भैया, मज़ाक मत करो." मग मात्र भाऊंना दया आली. त्यांनी कॅमेरा काढून ठेवला, डोळ्याने बघायचं भिंग बसवलं, नव्या दुकानांच्या इमारतीवर नळी रोखली, थोडी इकडे, थोडी तिकडे केली आणि बाजूला झाले. भाभींनी डोळा लावला. धुरात विटेच्या रंगाचा एक मळकट गोळा वर येत होता. साध्या डोळ्यांना त्याचा पत्ताही नव्हता.

"दिख गया," भाभी हळूच म्हणाल्या आणि रडायलाच लागल्या. भुकेने असेल.

रांग लागली. पण चंद्र पाहून झाल्यावर नवरा पाहायचा असतो, आणि ज्यातून चंद्र पाहिला त्यातूनच नवरा पाहायचा असा नियम. अग्रवाल भैयांना दुर्बिणीसमोर उभं केलं. भाभी म्हणाल्या, "कुछ नहीं दिख रहा." भाऊंनी समजावलं, की एवढ्या जवळचा माणूस ह्यातून दिसत नाही, त्याला लांब जावं लागतं. भैया गच्चीच्या टोकाला गेले. धूसर. मग त्यांना रस्त्यापलीकडच्या गच्चीवर पाठवलं आणि तिथली ट्यूबलाइट लावायला सांगितली.

"हाँ, अब आए," भाभी म्हणाल्या. "लेकिन उल्टे दिख रहे हैं."

"सीधे कब थे?" मिश्रा आंटींनी विचारलं.

मग समोरच्या गच्चीवर नवऱ्यांचा घोळका जमला आणि एकेकाला नावाने पुकारून ट्यूबलाइटखाली उभं करण्यात आलं. ह्या गोंधळात चंद्र वर आला, पिवळा झाला, सगळ्यांना उघड्या डोळ्यांनी दिसू लागला. भाऊंनी घाईघाईने कॅमेरा जोडून पहिला फोटो काढला. नेमक्या त्याच वेळी समोरच्या गच्चीवरून कोणीतरी चाळणी उंच धरली. तो फोटो मी नंतर पाहिला. खड्डे दिसतात, पण ते चाळणीचे.

"एवढ्या वर्षांची तयारी," भाऊ म्हणाले, "अन् पीठ चाळून आलो."

बायका हसत हसत खाली गेल्या. मीही चंद्राला अर्घ्य देऊन खाली आले, पानं वाढली, आणि मग लक्षात आलं की तांब्या वरच राहिला. वर गेले तर भाऊ उपड्या बादलीवर बसले होते. दुर्बीण तशीच उभी, पण ते तिच्याकडे बघत नव्हते. चंद्र समोर लख्ख होता. फोटो काढायला ह्याहून चांगली वेळ नव्हती.

"भाऊ, जेवायला चला. मोदक आहेत."

"व्हा तुम्ही पुढं. मी येतो मंग."

"मग कशाला? गरम आहेत."

"अजून उगवला नाही," ते म्हणाले.

मी चंद्राकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे.

"आपल्याइथं उगवला, वहिनी. भोपाळ पश्चिमेले आहे. तिथं जरा उशीर लागते."

भाऊंची बायको भोपाळात शिक्षिका होती, एवढंच आम्हाला माहीत होतं. राज्याच्या वाटणीत तिची नोकरी मध्य प्रदेशात राहिली आणि भाऊंची इकडे आली. ती सुट्टीत यायची, तीन-चार दिवस राहायची, जायची. भाऊ तिच्याबद्दल कधी बोलत नसत. त्यांचं पटत नाही, असं कॉलनीने ठरवून टाकलं होतं. मीही तेच धरून चालले होते.

"वहिनींचा उपास असतो का?"

"हव. लगन झाल्यापासून. चंद्र दिसल्याबिगर पाणी पीत नाही. म्या लय सांगितलं, तो दगड आहे, त्याले काही समजत नाही. पण ऐकत नाही ते."

"आणि तुमचा?"

"माहा कायचा उपास. मी नाही मानत हे." त्यांनी मांडीवरचा मोबाइल उलटा करून पुन्हा सुलटा केला. "ते तिथं एकटीच गच्चीवर उभी असन. मले इथं बसून घास कसा गिळन?"

मी तांब्या हातात घेऊन तशीच उभी राहिले. खालून ह्यांनी हाक मारली, मी 'आले' म्हणून तिथेच थांबले. पश्चिमेकडे काही बघण्यासारखं नव्हतं, स्टेशनकडचे दिवे तेवढे होते. तरी आम्ही दोघं तिकडेच बघत होतो.

मग मोबाइल एकदा वाजला आणि बंद झाला. भाऊंनी तो उचलला नाही, नुसतं नाव पाहिलं.

"दिसला म्हणते," ते म्हणाले. उठले, दुर्बिणीवर जुनी चादर टाकली आणि माझ्या मागून जिना उतरले.

पानावर बसल्यावर त्यांनी आधी अख्खा तांब्याभर पाणी प्यायलं. ह्यांनी विचारलं, "काय भाऊ, आज फारच तहान?" भाऊ म्हणाले, "धुरानं घसा कोरडा पडला." मी त्यांच्या पानात मोदक वाढत राहिले, आणि ते खाली मान घालून बराच वेळ जेवले.