पाचची बस आणि दारातलं लिंबाचं झाड

पाचच्या बसला दोन तास होते, बॅग दोरीने करकचून बांधून स्वयंपाकघरात उभी होती, तरी नेलिदाचा जीव थाऱ्यावर नव्हता. ती परसात पॉप्लरची पिवळी पानं दाताळ्याने ओढत होती. त्या कामाची तशी घाई काहीच नव्हती, पानं आणखी महिनाभर पडतच राहणार होती. पण घरात बसलं की नजर घड्याळाकडे जायची, आणि ती गेलेली नणंदेच्या बरोबर लक्षात यायची.

नणंद म्हणजे ओतिलिया, तिच्या नवऱ्याची, रुफिनोची थोरली बहीण. भर उन्हाळ्यात, म्हणजे इकडे दक्षिण गोलार्धात जानेवारीत, ती समुद्राकाठच्या कोमोदोरोहून डोंगरातल्या या गावी आठ दिवसांसाठी म्हणून आली होती. आता मार्च संपत आला होता. मधल्या काळात स्वयंपाकघरातल्या सगळ्या बरण्यांनी जागा बदलल्या होत्या, रुफिनो जेवताना टेबलावर कोपरं टेकवेनासा झाला होता, आणि कोंबड्यासुद्धा सांगितलेल्या वेळी खुराड्यात जाऊ लागल्या होत्या. नणंदेच्या मते नेलिदाने यंदा बटाटे काढले ते ओलसर, गुलाबफळांचा मुरंबा केला तो पातळ, टोमॅटो उतरवले ते चार दिवस लवकर. नणंद वाईट बोलत नसे. फक्त प्रत्येक गोष्टीकडे बघून एक छोटासा श्वास सोडत असे.

आणि आज मंगळवार होता. उद्यापासून ईस्टरच्या सुट्ट्यांची गर्दी. आजची बस चुकली तर पुढचे दोन आठवडे एकाही गाडीत जागा नव्हती. नेलिदाने ही चौकशी तीनदा केली होती, तिन्ही वेळा वेगवेगळ्या माणसांकडे, म्हणजे कुणाला संशय नको.

"नेलिदा, पानं राहू दे," ओतिलिया दारात येऊन म्हणाली. अंगात कोट, डोक्यावर टोपी, सगळी तयारी झालेली. "लिंबाचं काय?"

"तुम्हाला बसवून आलो की लगेच आत घेतो, ताई."

"आज रात्री पारा शून्याखाली जाणार आहे. रेडिओने सांगितलंय. मी गेले की तुम्ही दोघं हुश्श करून बसाल, आणि झाड राहील बाहेर."

ते हुश्श नेलिदाला लागलं. कारण ते खरं होतं.

"झाड आत गेलेलं डोळ्यांनी बघितल्याशिवाय मी हलायची नाही," ओतिलिया म्हणाली आणि आत गेली.

हलायची नाही म्हटल्यावर नेलिदाने दाताळं टाकलं.

लिंबाचं झाड तिच्या आईचं होतं. उत्तरेकडून आणलेल्या एका बीपासून आईने ते वाढवलं, आणि जाताना लेकीच्या हवाली केलं. दारूचं अर्धं कापलेलं लाकडी पिंप हे त्याचं घर. उन्हाळाभर परसात, थंडीभर स्वयंपाकघरात शेगडीजवळ, असा एकतीस वर्षांचा नेम. दरवर्षी चाकांच्या फळीवर पिंप चढवायचं, रुफिनोने आतून ओढायचं, नेलिदाने बाहेरून ढकलायचं, पाच मिनिटांचं काम. पण यंदा ओतिलियाने त्याला मेंढीचं खत घातलं होतं, चहापत्ती घातली होती, रोज संध्याकाळी चार शब्द ऐकवले होते, आणि झाड दोन्ही अंगांनी असं फोफावलं होतं की कोंबड्या त्याच्याखाली दुपारच्या झोपेला यायच्या.

"मावेल ना रे?" नेलिदाने विचारलं.

"दरवर्षी मावतं," रुफिनो म्हणाला आणि आत जाऊन पिंपाची कडी धरली.

निम्मं झाड चौकटीतून आत गेलं. फांद्या आतल्या बाजूला मुडपल्या, चरचरल्या, आणि चौकट ओलांडताच सटकन पुन्हा पसरल्या. त्याच क्षणी फळीचं एक चाक उंबऱ्यावर मोडलं. पिंप धाडकन खाली बसलं. रुफिनोने ओढलं, नेलिदाने ढकललं. मग नेलिदाने ओढलं, रुफिनोने ढकललं. माशाच्या घशात गळ अडकावा तसं झाड अडकलं होतं. पुढेही नाही, मागेही नाही.

"रुफिनो," पानांमधून नेलिदाने हाक मारली, "तुम्ही दोघं बाहेर कशी येणार?"

"पुढच्या दाराने," रुफिनो म्हणाला, आणि लगेच पुढे म्हणाला, "नाही."

पुढच्या दाराला बाहेरून दोन ट्रक सरपण रचलेलं होतं. तिथे कोरडं राहतं असं ओतिलियाने सुचवलं होतं, आणि त्या दाराचा वापर तसाही कोणी करत नसे. खिडक्यांवर रुफिनोने परवाच बाहेरून प्लास्टिक ताणून पट्ट्या ठोकल्या होत्या. तेही ओतिलियाच्याच सांगण्यावरून, वारा शिरतो म्हणून. घड्याळात साडेतीन झाले होते.

नेलिदा धावत घराला वळसा घालून पुढच्या अंगाला गेली आणि ओंडके उपसायला लागली. पन्नासेक उपसले असतील. रचणाऱ्याने रास खालून वर रचली होती, ही बाई मधूनच ओढत होती. एकाएकी वरची सगळी थप्पी गडगडत खाली आली आणि पायऱ्यांवर पसरली. आता दार तर दिसत नव्हतंच, दाराकडे जायची वाटही दिसेना. नेलिदाच्या पायाला ठेचा लागल्या होत्या, हाताला कुसळं टोचली होती. ती तशीच परत मागच्या दारी आली, तर शेजारचा बासिलियो पिकअप घेऊन हजर होता. ओतिलियाला बसथांब्यावर तोच पोचवणार होता. आता तो झाडासमोर उकिडवा बसून माते पीत होता. तो कडवट चहा त्याला आतून, पानांतून हात घालून, ओतिलियाने दिला होता.

"चौकट काढावी लागेल," बासिलियो म्हणाला.

"सिमेंटात बसवलीय," आतून रुफिनो म्हणाला. "मीच बसवलीय. भूकंप झाला तरी हलायची नाही."

"तेव्हा कुणी सांगितलं होतं इतकं चांगलं काम करायला?" बासिलियो म्हणाला.

"मग उरलं काय?" नेलिदाने विचारलं.

बासिलियोने मातेचा शेवटचा घोट ओढला, भांडं पानांतून परत आत दिलं आणि खाली बघत म्हणाला, "दोन-चार फांद्या उडवल्या की झालं."

मग आतून ओतिलियाचा आवाज आला.

"त्या झाडाला करवत लागायची नाही. आईची आठवण आहे ती तिच्या. बसचं काय, बस परत येते."

ते ऐकून नेलिदा दचकली. आठवणीचा मान राखला म्हणून नव्हे. बस परत येते म्हणाली म्हणून.

"खिडकी," ती म्हणाली. "बासिलियो, पट्ट्या काढ."

पट्ट्या निघाल्या, प्लास्टिक फाटलं, खिडकी उघडली. आधी बॅग आली. बॅग बाहेर आलेली पाहून नेलिदाला इतकं बरं वाटलं की तिने ती स्वतः उचलून पिकअपमध्ये नेऊन ठेवली. सव्वाचार झाले होते. रुफिनोने आत खुर्ची लावली. बासिलियो बाहेर हात पसरून उभा राहिला.

"या दोन्या ओतिलिया, मी धरतो." दोन्या म्हणजे बाईसाहेब, इकडे वडीलधाऱ्या बायकांना सगळे तसंच म्हणत.

"नवरा जाऊन चौदा वर्षं झाली, मला कोणी धरलेलं नाही," ओतिलिया म्हणाली. "आता काय बासिलियो धरणार? आणि माझा गुडघा?"

गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं, हे खरं होतं. ती खुर्चीवर चढली, खिडकीच्या चौकटीवर हात ठेवला, खाली बघितलं आणि पुन्हा उतरली. रुफिनोने समजावलं, बासिलियोने गादी आणून खाली घालू म्हटलं. नेलिदा मात्र फक्त बघत होती. ओतिलियाने डोक्यावरची टोपी काढून टेबलावर ठेवली. मग कोटाचं वरचं बटण सोडलं.

"जाऊ दे," ती म्हणाली. "ईस्टर झाल्यावर जाईन. रुफिनो, शेगडी पेटव. संध्याकाळच्या सूपचं बघते."

दुसरं बटण सुटलं.

नेलिदा सरळ शेडमध्ये गेली आणि करवत घेऊन आली.

"नेलिदा," पानांपलीकडून रुफिनो हलक्या आवाजात म्हणाला, "आईचं झाड आहे गं."

"माहीत आहे मला कुणाचं आहे."

पहिली फांदी कापायला वेळ लागला, करवत दोनदा सालीवरून घसरली. ओल्या लाकडाचा आणि लिंबाचा असा वास उठला की तिला आईचा ॲप्रन आठवला, त्याच्या खिशात कायम एखादं लिंबू असायचं. कच्ची हिरवी लिंबं टपटप उंबऱ्यावर पडली आणि परसात घरंगळली. एक तिच्या बुटाला येऊन लागलं. तिने ते उचललं नाही. दुसरी फांदी, तिसरी. चौथी मनगटाएवढी जाड होती, तिथे बासिलियोने करवत मागितली, ती तिने दिली नाही. डोळ्यांत पाणी भरलं होतं, ते बाहीला पुसायलाही ती थांबली नाही. वीस मिनिटांत झाडाची एक बाजू पूर्ण उघडी पडली. हाडं दिसावीत तसं ते दिसायला लागलं.

"या, ताई," ती म्हणाली. "पिंपावर पाय ठेवा. माझा हात धरा."

ओतिलिया त्या भोकातून बाहेर आली. तिने नेलिदाकडे बघितलं, तिच्या हातातल्या करवतीकडे बघितलं, खाली पडलेल्या फांद्यांकडे बघितलं. श्वास सोडला नाही. वाकून एक डहाळी मात्र उचलली.

पिकअपमध्ये पुढे बासिलियो आणि ओतिलिया, मागे उघड्यावर बॅग धरून रुफिनो आणि नेलिदा. नेलिदाने खरं तर घरी थांबायला हवं होतं, पण तिला स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं होतं. बासिलियोने गाडी अशी पळवली की बॅग दोनदा उडाली, आणि दोन्ही वेळा नेलिदाने झेप घालून ती पकडली. थांब्यावर पोचले तेव्हा पाच वाजायला तीन मिनिटं होती. बस उभी होती, इंजिन चालू होतं. रुफिनोने बॅग डिकीत टाकली. ड्रायव्हरने डिकी बंद केली. नेलिदाने छाती भरून हवा घेतली.

ओतिलिया बसच्या पहिल्या पायरीवर थांबली होती. हातात ती डहाळी.

"चला दोन्या, उशीर होतोय," ड्रायव्हर म्हणाला.

"नेलिदा," ती वळून म्हणाली, आणि तिचा आवाज नेहमीचा नव्हता. "माझी तीन मुलं आहेत. एकानेसुद्धा माझ्यासाठी गुलाबाची काडी कापली नसती. आणि तू आईचं झाड कापलंस. माझी बस चुकू नये म्हणून."

नेलिदाने तोंड उघडलं. खरं सांगायची वेळ हीच होती, आणि खरं सांगणं अशक्य होतं. तिने तोंड मिटलं.

"मला वाटायचं," ओतिलिया म्हणाली, "की तुला मी नकोशी झालेय."

बसमधली माणसं काचेला नाक लावून बघत होती. रुफिनो आपल्या बुटांकडे बघत होता.

"असं कसं म्हणता, ताई," नेलिदा म्हणाली.

ओतिलिया पायरीवरून खाली उतरली. गुडघ्याचा काही त्रास जाणवला नाही.

"माझी बॅग काढा," तिने ड्रायव्हरला सांगितलं. "त्या झाडाला एवढ्या जखमा झाल्यात. थंडीभर त्याच्याकडे बघायला कोणीतरी हवं. या दोघांना जमायचं नाही ते."

डिकी उघडली, बॅग बाहेर आली, बस गेली. धूळ खाली बसेपर्यंत चौघंही तिथेच उभी होती. मग परत येताना ओतिलियाने हट्टाने नेलिदाला पुढे बसवलं आणि तिचा हात धरून ठेवला. तो हात थंडगार होता, पण पकड घट्ट होती. अर्ध्या वाटेवर नेलिदाच्या लक्षात आलं की आपणही तो सोडवून घेत नाही आहोत.

झाड आता बासिलियो आणि रुफिनोने एका दमात आत घेतलं. दोन्ही बाजूंना वीत वीतभर जागा उरली. बाहेर गारठा पडायला लागला होता. ओतिलियाने शेगडीवर मेण पातळ केलं आणि चमच्याने एकेका कापावर हळूहळू लावत बसली. नेलिदाने तिच्याशेजारी स्टूल ओढलं आणि फांद्या धरून ठेवल्या.

"खरं सांग," ओतिलियाने वर न बघता विचारलं, "कापताना जीव तुटला ना?"

"तुटला," नेलिदा म्हणाली. हे मात्र तिला अगदी मनापासून सांगता आलं.

ओतिलियाने शेवटच्या कापावर मेण लावलं, चमचा पुसला आणि दाराकडे वळून चौकट एकदा वरपासून खालपर्यंत न्याहाळली.

"रुफिनो," ती म्हणाली, "पुढच्या मार्चच्या आत हे दार रुंद करून घ्यायला हवं. मी लक्ष ठेवीन."