ओटीतला ब्रश

मातेचे दात बळकट, तर देश बळकट. हे वाक्य माझं नाही, लातूर जिल्ह्यातल्या मुरुडजवळच्या आमच्या आरोग्य केंद्राच्या भिंतीवर रंगवलेलं आहे (जागा न पुरल्यानं दुसरा 'बळकट' खिडकीच्या झडपेवर गेलाय).

गरोदरपणात हिरड्या सुजतात, दाताला कीड लागते, तरी बाया दात दाखवायला येत नाहीत. केंद्रानं यावर अभ्यासपूर्ण उपाय काढला : सामूहिक डोहाळजेवण. जेवायला माणूस बोलावल्याशिवायही येतो, हे सिद्ध झालेलं आहे.

कार्यक्रम देखणा झाला. साखरेच्या दुष्परिणामांवर दंतवैद्य डॉक्टर रविकिरण कळकळीनं बोलले. त्यानंतर पाहुण्यांच्या हस्ते प्रत्येक मातेला पेढा भरवण्यात आला (क्रम वरूनच ठरून येतो). मग नर्सबाईंनी खण, नारळ, तांदूळ आणि एकेक टूथब्रश असं ओटीत घातलं. वाटप शंभर टक्के. पण ओटीत आलेली वस्तू उष्टी कशी करायची? गावातल्या शांतम्मांनी सुनेचा ब्रश हळदकुंकू लावून देवघरात ठेवलाय. रोज हात जोडतात. घरोघरी थोड्याफार फरकानं हेच आहे, त्यामुळं ब्रश वर्षानुवर्षं टिकतील असा अंदाज आहे.

समारोपाला एका मातेचं मनोगत हवं होतं. शांतम्मांची सून सुकन्या हिला उभं केलं. तिची दाढ महिनाभर ठणकत होती. भाकरी सुटली होती, दूधभातही जात नव्हता, आणि पोटातलं लेकरू उपाशी राहतंय म्हणून ती रडायची.

"सायेब, भाषण लई चांगलं झालं," ती म्हणाली. "पर माझी दाढ लई दुखायलीय. जेवण जाईना. आताच बघता का?"

"बघू की," डॉक्टर प्रेमानं म्हणाले. "पण आता सातवा आहे ना? बाळंत झाल्यावर या, निवांत बघू."

सगळ्या मांडवानं मान डोलावली. "एका लेकरामागं एक दात जातच असतोय गं," शांतम्मा म्हणाल्या. "माझे तीन गेले. काय झालं मला?"

"दाढ जाऊ द्या हो अत्या. लेकराला काय खाऊ घालू?" म्हणत सुकन्यानं डॉक्टरांपुढं तोंड उघडलं. फोटोग्राफरनं नेमका तेव्हाच फोटो काढला. 'दंततपासणीस मातांचा उत्स्फूर्त प्रतिसाद' या मथळ्याखाली तो आता केंद्राच्या दारात आहे. तपासणी तेवढी राहिली.

दुसऱ्या दिवशी सुकन्या कुणाला न विचारता एकटीच एसटीनं लातूरला गेली. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी, "सातव्यातही इलाज करता येतो, आत पू ठेवणंच वाईट," म्हणत पू काढून दाढ साफ केली आणि औषध भरलं. संध्याकाळी ती दीड भाकरी जेवली. मला फार बरं वाटलं.

गावाला मात्र वाटलं नाही. "सातव्या महिन्यात एकटी एसटीनं?" हा प्रश्न अजून चालू आहे. दाढेचं कुणी विचारलं नाही.

गाव अडाणी आहे, सोडून द्या. पण मघाशी ती एकटी एसटीत बसली हे वाचताना तुमच्या मनात आधी काय आलं, दाढ की सातवा महिना?