रोमचा संगमरवरी वीर बायजाबाईंनी सर केला ती हकीकत

पणतू गोलू याचे जावळ निघाले त्या साली ज्येष्ठमासी नागपूर शहरी संग्रहालयात ग्रीस व रोम मुलखांतील प्राचीन मूर्ती दोन महिन्यांकरिता दाखल जाहल्या. हे वर्तमान शहरातीलच नंदनवन वस्तीत श्रीमती बायजाबाईसाहेबांस कळले. बाईंनी साठ वर्षे दारोदार फिरून पाट्या-वरवंट्यांस टाकी लावली, आणि आता काचबिंदूने दोन्ही डोळ्यांत ठाणे दिलेले, आणि डॉक्टरांनी हात टेकलेले. मग दगडाचे कापड करितात कैसे, ते बोटांनी पाहिल्यावाचून मरणे नाही, ऐसा मनसुबा करून चिरंजीव भैय्याजी, नात पिंकी व थंड पाण्याची बाटली इतक्या सरंजामानिशी, पारा सेहेचाळिसावर असता, ऑटोतून कूच केले.

दालनात खासा वीर उभा. खांद्यावर शेला, बाकी कारभार उघडा. भैय्याजींची मान खाली गेली.

"माय, याच्या अंगावर तं काहीच नाही वं!"

"मले कुठं दिसते बाप्पा? तुले लाज वाटून राहिली तं तू डोळे मीट."

मग बाईंनी दोरीपलीकडे हात घातला, तोच रखवालदार संघपाल शिटी फुंकीत चालून आला, आणि मूर्तीस हात लावू नये हे फर्मान त्याने तीन वेळ ऐकविले. बाईंनी तेथेच फरशीवर ठाण मांडिले. जाबसाल फार जाहला. अखेर संग्रहालयाच्या अधिकारी लतिकाताई जातीनिशी आल्या. इतक्यात पिंकीने पुसिले, याच्या पायाले झाडाचा खुंट चिकटवला काहून?

बाई बसल्या जागी वदल्या, "झाड नाही वं, टेकू आहे तो. एवढं धड दोन घोट्यांवर कोणता दगड तोलते? पयले घोटाच मोडते."

लतिकाताईंनी हेच परदेशी ग्रंथांत वाचिले होते. त्या चकित जाहल्या, आणि तह ठरला तो येणेप्रमाणे: पातळ हातमोजे घालावे, शेल्यासच स्पर्श करावा, संघपालाने हात धरून न्यावे. मग बाईंची बोटे चुणीचुणीने चढली, उतरली, आणि मूर्तीच्या पाठीमागे जाऊन थबकली.

"मांगं टाकीचे घाव तसेच ठेवले! भिंतीकडून कोण पाहते म्हून! आमच्यासारखाच चोट्टा होता गा हा पाथरवट!"

बाई हसल्या, आणि संघपाल हसला, आणि लतिकाताई हसता हसता दोरीस धरून राहिल्या. वीर फत्ते जाहला. आपला एकही मनुष्य पडला नाही.

बायजाबाई त्याच साली भाद्रपद वद्य पंचमीस, सकाळी, नंदनवनी राहत्या घरी वारल्या.