म्हाळसाबाई सुइणीनें गाडा घेतला त्याची हकीकत

श्रीजगदंबा साक्ष असे. शके सोळाशें एक्याण्णव, विरोधी नाम संवत्सरीं, मार्गशीर्ष मासीं राज्यांत जें वर्तलें, तें जैसें ऐकिलें तैसें लिहिलें आहे. राजधानीचे पेठेंत म्हाळसाबाई म्हणोन सुईण होती. हातगुण मोठा, आणि अडलेली बाई तिजवांचून मोकळी होत नसे. ते वर्षीं दरडीवरून पडोन कमरेखालील अंग गेलें, मग सुताराकडून चाकांची खुर्ची करविली आणि तीवर बसोन पेठेंत फिरों लागली. परगांवीं जाणें पडल्यास भाऊ हैबती उचलोन भाड्याचे गाडींत बसवी आणि आपण हांकी. पुढें हैबती मोहिमेवर गेला, आणि आठां दिवसांत नदीपलीकडे एक बाई अडली, म्हाळसाबाईस न्यावयास कोणी मिळेना, आणि ती बाई मूल पोटांत घेऊन गेली. हें वर्तमान ऐकोन म्हाळसाबाईनें दोन दिवस अन्न घेतलें नाहीं. मग बोलिली कीं, आतां आपलाच गाडा घेईन आणि आपणच हांकीन.

मग सरकारचे गाडीखान्यांत गेली. दारोगे अंताजीपंत यांनीं आदर करोन एक दमणी, म्हणजे छताची हलकी बैलगाडी, दाखविली, ती उंच; रथ दाखविला, त्याचें मोल ऐकोन बाईचे तोंडचें पाणी पळालें. मग खास पांगळ्यांसाठीं करविलेला गाडा दाखविला. त्यास मागें खुर्चीपुरती जागा, वर छत, आणि हांकणाराची बैठक पुढें हातभर उंच. बाईनें पुसिलें कीं, माझी खुर्ची पुढें कैसी जावी? अंताजीपंत थक्क जाहले. बोलिले, "खुर्चींतलें माणूस हांकील, हें कोणाचे मनांतच आलें नाहीं." त्याहून बाई थक्क जाहली. इतकें मोठें राज्य, इतके शहाणे कारभारी, आणि एकाचेही मनांत नाहीं!

मग कोपऱ्यांत एक ठेंगणा गाडा दिसला. मागील फळी पाडितां उतरण होई, खुर्ची थेट पुढवर जाई, बसल्या जागीं कासरा हातीं येई, आणि चाकें बांधावयास तळाशीं लोखंडी कड्याही होत्या. मोल एका शेळीचें. बाई आंत जाऊन कडी चाचपीत पुसों लागली कीं, इतका स्वस्त कां?

अंताजीपंतांनीं मान खालीं घातली. "बाई, हा कडेलोटाचा गाडा. बेडी घातलेला मनुष्य पायरी चढत नाहीं, म्हणोन ठेंगणा केला. आतां नवा आला. हा फुकटही कोणी नेत नाहीं."

बाईनें चटका बसावा तैसा हात मागें घेतला. कडी आंतून झिजोन गुळगुळीत जाहली होती. परंतु खुर्ची पुढवर नेऊन चाकें त्याच कड्यांस बांधिलीं. मग बोलिली, "बैल जुंपा."

तिसरे दिवशीं शेजारचे गांवीं पाटलाची सून अडली. गाडा गांवांत शिरतांच तमाम लोकांनीं तो ओळखिला, आणि बायांनीं पोरें घरांत ओढिलीं, आणि पाटलीणबाईनें दार लावोन आंतून सांगितलें कीं, मरणाचा गाडा अंगणीं येणार नाहीं.

म्हाळसाबाई बोलिली, "पाटलीणबाई, मलाही याचें भय वाटतें. तीन दिवस जाहले, अजून कडीस हात लावितां अंग शहारतें. पण दुसरा कोणता गाडा मला आणीत नाहीं. दार उघडा."

आंतून सुनेचें कण्हणें ऐकों आलें, आणि दार उघडलें. दिवस मावळायचे आंत मुलगी जाहली, माय सुखरूप राहिली.

येणेंप्रमाणें वर्तलें. पुढें म्हाळसाबाई तोच गाडा वीस वर्षें हांकीत होती. लोक तो दुरून पाहोन दचकत आणि रस्ता सोडोन शेतांत उतरत. तें बाईस बरेंच पडे, कारण अडलेलीकडे जावयास वाट सदा मोकळी मिळे.