सायकलला खिडकीची सीट

अरे ऐक, ऐक! चहा नंतर मागव, आधी माझं ऐक. सरळ विमानतळावरून येतोय, आणि अजून कान गरम आहेत. पण शेवट आधी सांगितला तर तू नुसता हसशील, म्हणून पहिल्यापासून सांगतो.

तुला माहितीये, माझी बायको ट्रायथलॉन करते. म्हणजे आधी पोहायचं, मग त्याच ओल्या अंगानं सायकल हाणायची, आणि एवढं करून माणूस शहाणा झाला नाही तर वर धावायचं. (मी यातलं काहीच करत नाही. मी घड्याळ धरतो.) तर तिची निवड झाली. थेट जागतिक स्पर्धेला, परदेशात! मी घरभर नाचलो. मला वाटलं, निवड झाली म्हणजे कोणीतरी आपल्याला नेणार, राहायला देणार, हार घालणार. छे! निवड होणं म्हणजे स्वतःच्या खर्चानं जायची परवानगी मिळणं, हे मला त्या दिवशी कळलं. देशाच्या नावाचा ड्रेससुद्धा आपणच विकत घ्यायचा. त्यावर देशाचं नाव छापायचे पैसे वेगळे!

आणि भाव तर काय! स्पर्धा जाहीर झाल्या झाल्या त्या गावातल्या हॉटेलांनी भाडी चढवली. विमानाचं तिकीट मी रोज सकाळी बघायचो आणि ते रोज वाढायचं. मला तर शंका येते, मी बघतो म्हणूनच ते वाढत होतं. तरी आमचं ठरलेलं होतं, दोघांनी जायचं. कारण मला शेवटच्या रेषेपाशी उभं राहून तिच्या नावानं बोंबलायचं होतं. हसू नकोस. मी बाथरूममध्ये सराव करत होतो.

घोडं अडलं ते सायकलवर. सायकल न्यायचं भाडं विचारायला मी विमान कंपनीला फोन लावला, आणि तिकडच्या बाईंनी जो आकडा सांगितला तो ऐकून मी खुर्चीत बसलो. म्हणजे बसलेलाच होतो, पुन्हा बसलो.

"मॅडम, हे तर माझ्या तिकिटापेक्षा जास्त आहे!"

"हो सर, नवीन दर आहेत."

"पण मला एक सांगा, सायकल जेवत नाही, पाणी मागत नाही, चार वेळा उठून टॉयलेटला जात नाही. मग माणूस स्वस्त आणि सायकल महाग कशी?"

"सर, ती आकारानं मोठी असते."

"मग असं करा ना, तिला साधं प्रवाशाचं तिकीट द्या. खिडकीची सीट द्या, मी पट्टा बांधतो."

"सर, प्रवाशाला पासपोर्ट लागतो."

बोल आता! आणि तू तर जाणतोस, मी ऑफिसात खरेदी विभागात आहे. समोरच्याचा भाव पाडला नाही तर मला जेवण जात नाही. मी बायकोला सांगून टाकलं, "सायकलचं भाडं मी वाचवतो. तू फक्त पळ." बस. एवढंच बोललो, बघ. पुढचं सगळं त्या एका वाक्यानं केलं.

माझा प्लॅन साधा होता. सायकल पूर्ण खोलायची आणि कपड्यांच्या बॅगांमध्ये वाटून टाकायची. कोण विचारतंय? पण आधी रंगीत तालीम हवी. रविवारी बायको लांब पळायला गेली आणि मी सासूबाईंना बोलावून घेतलं. सासऱ्यांची बदलीची नोकरी होती, त्यामुळे सासूबाईंनी आयुष्यभर घराचं सामान बांधलं आणि सोडलं. कपाट खोक्यात आणि खोकं कपाटात बसवणारी बाई आहे ती. आल्या त्याच पदर खोचून.

"जावईबापू, बॅगेत जाणारी वस्तू आधी लख्ख पुसायची. मळकी वस्तू मी भरत नाही."

मी पाने-पकडी घेऊन बसलो. सीट काढली, तिचा दांडा ओढून काढला, हँडल सोडवलं. व्हिडिओतला माणूस सांगत होता तसंच करत होतो. (दोन स्क्रू उरले. पण हे खोलताना उरले. ते कसे उरतात, हे मला अजून कळलेलं नाही.) पुसता पुसता बघतो तर सीटच्या दांड्यावर लाल नेलपॉलिशची रेघ. हँडलवर निळी. कोपरं टेकवायच्या गाद्यांखाली हिरवी! मला कुतूहल वाटलं. बायको तर नखांना कधीच काही लावत नाही.

"आई, हे काय असेल हो?"

"शेजारची चिमुरडी येते ना खेळायला, तिचे उद्योग. थांबा, माझ्याकडे रिमूव्हर आहे." सासूबाईंच्या पर्समध्ये सगळं असतं. मी कापूस घेऊन असा घासला, असा घासला, की दांड्यात मला माझं तोंड दिसायला लागलं.

मग सासूबाईंनी जे भरलं, त्याला तोड नाही. सांगाडा टॉवेलांत गुंडाळून तिरका, पेडल बुटांत, साखळी मोज्यात. चाकं तेवढी बसेनात.

"ही हातात घ्या," त्या म्हणाल्या, "विचारलं तर सांगा भिंतीवरची घड्याळं आहेत."

तेवढ्यात बायको आली, घामानं निथळत. "सायकल कुठाय?"

"कुठली सायकल?" मी म्हणालो आणि जादूगारासारखी बॅग उघडली.

खोटं कशाला सांगू, आधी ती खूश झाली. "अय्या, एवढ्यात मावली?" म्हणाली. मग म्हणाली, परत जोडून बघू या. सीटचा दांडा हातात घेतला, फिरवला. परत फिरवला. उजेडात नेला.

"अरे, यावरची खूण कुठाय?"

"ती घाण? काढली मी! तीन रंगांची होती."

ती दांड्यावरून नुसतं बोट फिरवत राहिली. मला वाटलं, भारावली.

"ती घाण नव्हती," ती हळूच म्हणाली. "ती माझी मापं होती."

झालं होतं असं. सीट जरा वर गेली की तिची कंबर धरते, जरा खाली आली की गुडघा. सायकल अंगाला बेतून देणाऱ्या फिटिंगवाल्यानं एकदा मापं लावून दिली होती, आणि त्यानंतर कित्येक महिने रोज केसभर सरकवत सरकवत तिनं बरोबर जागा शोधली होती. तिथं तिनं रेघा मारल्या होत्या.

"मग कुठं लिहून नाही ठेवलंस?"

"सायकलवरच लिहिलं होतं ना!"

सासूबाई चटकन म्हणाल्या, "मी पुसायला सांगितलं होतं, खरवडायला नाही."

आम्ही अंदाजानं सीट लावली. मी म्हणालो, "तुझ्या अंगाला आठवत असेल की." ती गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन आली आणि गुडघा धरूनच उतरली. तेव्हा मात्र मनात आलं, भाडं गेलं खड्ड्यात, पण हिची स्पर्धाच गेली तर?

मग धावपळ. फिटिंगवाल्याकडे रोज खेपा. त्याचेही दर वाढलेले, कारण त्याचंही भाडं वाढलेलं. (मी त्याचा भाव पाडायला गेलो तर बायकोनं माझ्या पायावर पाय दिला.) शेवटी गुडघा शांत झाला. त्यानं निक्षून सांगितलं, आता सायकल कोणी खोलायची नाही, मोठ्या कडक पेटीतूनच न्यायची. म्हणजे विमान कंपनीचं ते भाडं आलंच, वर फिटिंग, वर पेटी.

जेवणाच्या टेबलावर बैठक बसली. मी खरेदी विभागाच्या थाटात म्हणालो, "आपण अनावश्यक खर्च शोधू या."

सासूबाई म्हणाल्या, "एक खर्च आहे. जो पोहत नाही, सायकल चालवत नाही आणि धावतही नाही."

मला देवाशपथ वाटलं, त्या हॉटेलच्या नाश्त्याबद्दल बोलतायत.

"पण मग रेषेपाशी ओरडणार कोण?" मी विचारलं.

"मी आहे की. माझ्या पेन्शनीतून येते."

"आई, मग त्या पैशात मीच गेलो तर..."

"तुम्हाला पॅकिंग येतं?"

बायको रात्री म्हणाली, "मलाही तूच यायला हवा होतास रे." मी म्हटलं, जाऊ दे, गुडघा महत्त्वाचा. आणि खरंच सांगतो, मनापासून म्हटलं. तिकीट मात्र त्या दिवशीही वाढलं होतं, तेवढं बघितलं.

तर आज दोघींना सोडायला गेलो. ढकलगाडीवर ती भलीमोठी पेटी. पेटी जरा तिरकी दिसली म्हणून मी सरळ करायला दोनदा हात पुढं केला, दोनदा सासूबाईंनी चापट मारली. काउंटरवरच्या मुलीनं विचारलं, "मॅडम, सामान तुम्हीच भरलंय ना? दुसऱ्या कोणी हात लावलेला नाही ना?"

बायकोनं वळून माझ्याकडे बघितलं. सासूबाईंनीही बघितलं.

"नाही," बायको म्हणाली. "यांनी खूप प्रयत्न केला, पण आम्ही लावू दिला नाही."

ती गमतीत म्हणाली रे! पण त्या मुलीच्या चेहऱ्यावर गंमत नव्हती. तिनं कोणाला तरी खूण केली, आणि गणवेशातल्या एका धिप्पाड माणसानं माझं कोपर धरून मला बाजूला घेतलं. तोवर या दोघी पेटीच्या पावतीवर वाकलेल्या.

"तुम्ही प्रवास करताय?"

"नाही."

"मग त्या सामानाला हात लावायचा प्रयत्न का करत होतात? तुमचा त्या पेटीशी संबंध काय?"

मी म्हटलं, "साहेब, मी नवरा आहे." त्यानं सासूबाईंना हाक मारून विचारलं, "आजी, हे तुमच्यातलेच का?" आणि सासूबाईंनी चष्मा पुसत, चांगला वेळ घेऊन, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, "आमचेच आहेत, पण पेटी आत जाईपर्यंत धरून ठेवा." अरे, तू हसतोस काय! मला सांग, माझ्या जागी तू असतास तर काय केलं असतंस?